पुढच्या काळाच्या दोन वाटा

कुमारवयांतील वाचकांसाठीं लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत एक प्रकार विशेष लोकप्रिय झाला आहे. त्यांतील नायक अथवा नायिका पंधरा-सोळा वर्षांची असते. कांहीं अलौकिक घटनेमुळें तिला आपल्या पुढच्या काळाच्या दोन किंवा अधिक वाटा दिसूं लागतात, आणि त्यांपैकीं एक तिनें स्वतः पत्करावयाची असते. मुलांच्या हातीं असलीं पुस्तकें दिसलीं म्हणजे पुष्कळ पालक तीं भुताखेतांच्या गोष्टी समजून दूर ठेवावयास सांगतात. ह्या कथांचें स्वरूप काय आहे, आणि त्यांतील सरस कथा कशी ओळखावी, ह्याचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्या जुन्या कथांतून भविष्य कळतें तें बहुधा आकाशवाणीनें किंवा शापानें. कंसानें आकाशवाणी टाळण्यासाठीं नाना उपाय केले, तरी ती खरी ठरल्यावांचून राहिली नाहीं. तेथें पुढचा काळ एकच असतो आणि तो ठरलेला असतो. प्रस्तुत प्रकारच्या कथांत तो ठरलेला नसतो. जें दिसतें तें होऊं शकेल, पण होईलच असें नाहीं; आणि ह्या अनिश्चिततेंतच कथेचें सर्व मर्म सांठविलेलें असतें.

ह्या कल्पनेचा एक सुप्रसिद्ध नमुना चार्ल्स डिकन्स ह्याच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' ह्या १८४३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या लहानशा पुस्तकांत सांपडतो. स्क्रूज नांवाच्या कृपण व्यापाऱ्यास तीन आत्मे भेटतात. तिसरा आत्मा त्याला पुढचा काळ दाखवितो. कारकुनाचा पंगु मुलगा टिम मरण पावलेला आहे, आणि ज्या कबरीकडे कोणी फिरकत नाहीं तिच्यावर खुद्द स्क्रूजचें नांव आहे. घाबरलेला स्क्रूज विचारतो कीं, हें होणारच आहे, कीं केवळ होण्याजोगें आहे? तो आत्मा आरंभापासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाहीं. तो फक्त बोट दाखवितो. उत्तर स्क्रूजला सकाळीं उठून स्वतःच्या वर्तनानें द्यावें लागतें. कारकुनाचा पगार वाढतो, त्याच्या कुटुंबास आधार मिळतो, आणि टिम वांचतो.

डिकन्सचा नायक वृद्ध होता. पुढें हीच कल्पना मुलांच्या वयास आणून बसविणाऱ्यांत मॅडेलिन लेंगल ह्या अमेरिकन लेखिकेची गणना केली पाहिजे. तिची 'अ स्विफ्टली टिल्टिंग प्लॅनेट' ही कादंबरी १९७८ सालीं, म्हणजे अमेरिका व रशिया हीं राष्ट्रें अण्वस्त्रें सज्ज ठेवून परस्परांकडे पाहत होतीं त्या काळांत, प्रसिद्ध झाली. एका हुकूमशहामुळें जगावर अणुयुद्धाचें संकट कोसळणार असतें. पंधरा वर्षांचा चार्ल्स वॉलेस पंख असलेल्या एकशिंगी घोड्यावर बसून भूतकाळांत जातो, आणि जेथें इतिहास निराळ्या दिशेस वळूं शकला असता असा प्रसंग शोधीत फिरतो. आश्चर्य हें कीं, त्याचा शोध राजवाड्यांत किंवा रणांगणावर संपत नाहीं. कोणा घराण्यांतील विवाह, भावाभावांतील वैर, अशा घरगुती गोष्टींवर जगाचें भवितव्य लटकलेलें त्यास आढळतें.

गेल फोरमन हिच्या 'इफ आय स्टे' (२००९) ह्या कादंबरींत तर सर्व जग बाजूस राहून एका मुलीचाच प्रश्न उरतो. सतरा वर्षांची मिया ही चेलो नांवाचें, व्हायोलिनच्या जातीचें परंतु त्याहून मोठें, वाद्य वाजवीत असते. मोटारीला अपघात होऊन आईबाप व धाकटा भाऊ ह्यांस ती मुकते. तिचें शरीर रुग्णालयांत निश्चेष्ट पडलेलें असतें. ती स्वतः मात्र शरीराबाहेर उभी राहून सर्व पाहत व ऐकत असते. गेलेल्यांच्या मागें जावें, कीं पोरकें होऊन जगावें व पुन्हां वाद्य हातीं घ्यावें? कोणतीही वाट धरली तरी कांहीं तरी कायमचें गमवावें लागणार. तिचे आजोबा उशाशीं बसून सांगतात कीं, तूं राहावेंस अशी माझी इच्छा आहे, परंतु तुला जावेंसें वाटलें तरी तें मी समजूं शकेन. नातीला धरून ठेवण्याचा ज्याला सर्वांत अधिक अधिकार, तोच वृद्ध निर्णय तिच्या हातीं ठेवतो. ह्या प्रसंगीं वाचकाचे डोळे पाणावतात.

मराठी वाचकांस निराळ्या काळाची ही कल्पना अपरिचित नाहीं. शास्त्रज्ञ जयंत नारळीकर ह्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या कथेंत इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगांत जाऊन पोहोंचतात, कीं जेथें १७६१ सालची पानिपतची लढाई मराठ्यांनीं जिंकलेली आहे. विश्वासरावांवर आलेली गोळी तेथें हुकली, एवढ्यानें पुढचा सर्व इतिहास पालटला. परंतु पंत त्या जगांतील केवळ पाहुणे आहेत. निवड त्यांच्या हातीं नाहीं. कुमारकथेंत ती वाचकाच्या वयाच्या मुलावरच येऊन पडते, हा तिचा विशेष होय.

हें सर्व शास्त्रास धरून आहे काय, असें कोणी विचारील. ह्यू एव्हरेट ह्या भौतिकशास्त्रज्ञानें १९५७ सालीं असा विचार मांडला कीं, अणूंच्या सूक्ष्म सृष्टींत मोजमापाचे जे जे निष्कर्ष संभवतात ते सर्वच घडतात, प्रत्येक विश्वाच्या निराळ्या शाखेंत. हा विचार प्रयोगानें सिद्ध झालेला नाहीं, आणि त्याप्रमाणेंही एका शाखेंतील मनुष्यास दुसरी पाहतां येत नाहीं. कथेंतील दर्शन ही कथाकाराची युक्ति समजावी. प्रत्यक्षांत जें आपण कधींच पाहूं शकत नाहीं, तें क्षणभर दाखवून ती आपल्याला विचार करावयास लावते.

आतां सरस-निरस कसें ओळखावें? कसोटी सोपी आहे. ज्या कथेंत एखादें भूत, ताईत किंवा देवदूत येऊन नायकाचा प्रश्न परस्पर सोडवून टाकतो, ती करमणूक करील, पण मनांत राहणार नाहीं. ज्या कथेंत अलौकिक शक्ति केवळ दाखविते, आणि निवडीचा भार व त्यांतील तोटा नायकास सोसावा लागतो, ती वाचण्याजोगी समजावी.

दहावीचा निकाल लागला म्हणजे कला, वाणिज्य कीं शास्त्र हा प्रश्न घरोघर उभा राहतो. तेथें पुढचा काळ दाखविणारा आत्मा येत नाहीं. असतात ते आईबाप, शिक्षक आणि थोडाबहुत अनुभव. विद्यार्थीमित्रहो, त्यांनीं दाखविलेल्या सर्व वाटा नीट पाहून घ्या, आणि प्रत्येक वाटेवर काय सोडावें लागेल हेंही विचारा. पालकांस एवढीच विनंति कीं, आपल्या पाल्यास वाट अवश्य दाखवावी, आपली इच्छाही मोकळेपणानें सांगावी. मात्र मियाच्या आजोबांप्रमाणें शेवटचा शब्द त्याच्यासाठीं राखून ठेवावा, कारण त्या वाटेवरून चालावयाचें आहे तें त्यालाच.