शफलबॉटम : थट्टेखाली दबलेलं एका दरीचं नाव

गैरसमज : शफलबॉटम हे इंग्रजी आडनाव म्हणजे कुणाच्या तरी चालीवरून पडलेलं टोपणनाव आहे.

इंग्रजीत ‘शफल’ म्हणजे पाय घासत चालणं आणि ‘बॉटम’ म्हणजे बूड. त्यामुळे ही व्युत्पत्ती ऐकताक्षणी पटते आणि या घराण्यातली मुलं शाळेपासून थट्टा सोसतात. वस्तुस्थिती अशी, की ‘बॉटम’ला बुडाचा अर्थ चिकटला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. आडनाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

त्याचं मूळ लँकेशायरमधल्या बरी गावाजवळच्या शिपरबॉटम या ठिकाणात आहे. 1285च्या नोंदीतही हे स्थळनाव सापडतं. जुन्या इंग्रजीत ‘बॉथ्म’ किंवा ‘बॉट्म’ म्हणजे दरीचा तळ. नावाच्या आधीच्या भागात मेंढ्या आणि झरा आहे. मेंढ्या जिथे धुतल्या जात, ती दरी. लोकर कातरण्यापूर्वी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवून काढत, आणि मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती लोकरीवरच उभी होती. आपल्याकडे नागाव सोडलेला माणूस नागावकर होतो, तसा तिथला माणूस शिपरबॉटम झाला. पुढे बोलता बोलता ‘शिपर’चं ‘शफल’ झालं.

‘बॉटम’ची नावं आणखीही आहेत. बरीच्या उत्तरेला रॅम्सबॉटम हे गाव आजही आहे. साइडबॉटम या आडनावातला ‘साइड’ म्हणजे बाजू नव्हे, रुंद. 2008मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेणारा इंग्लंडचा गोलंदाज रायन साइडबॉटम रुंद दरीचं नाव मिरवतो. आणि 1980मध्ये वानखेडेवर एकाच कसोटीत शतक ठोकून 13 बळी घेणारा इयन बोथम? त्याच्या आडनावातही तोच दरीचा तळ आहे. त्याला मात्र कुणी हसत नाही. फरक फक्त स्पेलिंगचा!

गैरसमज : शफलबॉटम, शफलबॉथम, शिपरबॉटम ही वेगवेगळी घराणी आहेत.

तसं म्हणता येत नाही. इंग्लंडमधल्या चर्चच्या नोंदवह्या 1538पासूनच्या, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1837ची. लिहिता न येणाऱ्या माणसाचं नाव नोंदणारा कानाला ऐकू आलं तसं लिही, म्हणून सख्ख्या भावांची स्पेलिंगंही निराळी होत. वंशावळ शोधणाऱ्यानं सगळी रूपं तपासायलाच हवीत.

गैरसमज : दुर्मीळ आडनावाला स्वतःचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) असतं.

इंग्लंडमध्ये मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही. दुकानात आडनावानिशी विकल्या जाणाऱ्या ढालींवर पैसे घालवू नयेत.