शिंगराची शाळा

घरात तान्हे मूल आले की शेजारीपाजारी जमतात, त्याचे गाल ओढतात, हात धरून 'टाटा' करायला लावतात आणि ते रडू लागले की आईच्या ओटीत टाकून आपापल्या घरी निघून जातात. लहानपणी मी एका शिंगराचे असेच लाड केले. त्या लाडांची किंमत मला स्वतःला फारशी द्यावी लागली नाही. ती दिली माझ्याच वर्गातल्या एका मुलाने आणि त्या शिंगराने.

परभणी जिल्ह्यात वाण नदीच्या काठी सोनपेठ हे आमचे गाव. आमच्या घरामागे एक टांगेवाले राहत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. त्यांच्याकडे दोन घोड्या होत्या, एक टांग्याला जुंपायची आणि दुसरी लग्नसराईत वरातीला सजवायची. 1989 साली, मी नऊ वर्षांचा असताना, वरातीच्या घोडीला शिंगरू झाले. काटकुळे, पायांपेक्षा बाकीचे अंग कमी, कपाळावर पांढरा ठिपका. चाचा दिवसभर टांग्यावर असत. आणि मग शिंगरू होते नि मी होतो.

आईच्या डब्यातला गूळ मी चोरून नेत असे. चार-पाच महिन्यांतच मी त्याला एक करामत शिकवली. मी गूळ उंच धरायचा, त्याने मागच्या पायांवर उभे राहून पुढचे दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर ठेवायचे. गल्ली हे पाहायला लोटे. मोठी माणसे टाळ्या वाजवीत. चाचांनी एकदा पाहिले, कपाळाला आठी घातली आणि 'पोरा, हे बरं नाही' एवढेच म्हणाले. टाळ्यांपुढे ते मला कुठले ऐकू येणार?

दीड वर्षात ते शिंगरू दीड-दोनशे किलोंचे झाले. करामत तीच राहिली. एके दिवशी शाळा सुटल्यावर हातात खाऊचा डबा घेतलेला एक मुलगा त्या बोळातून चालला होता. शिंगराने त्याला जुना मित्रच समजून प्रेमाने पाय वर केले. मुलाचा हात कोपरापाशी मोडला. कोणी मला बोल लावला नाही, कारण जनावरच द्वाड निघाले असे सर्वांनी ठरवून टाकले होते. त्या मार्गशीर्षात चाचांनी ते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत नेऊन विकले. गंगाखेड, पालम, लोहा या रस्त्याने ते गेले, एवढेच मला ठाऊक. पुढे ते कुणाच्या दावणीला गेले, कुठे मार खाऊन सुधारले की नाही, हे कोण सांगणार?

लाडाने जनावर बिघडते हे असे मी पाहिले. धाकाने बिघडलेली जनावरे तर आपल्याकडे पुष्कळच. जुनी रीत अशी की दोन-अडीच वर्षे शिंगराला मोकळे सोडायचे, आणि मग एक दिवस चार जणांनी मिळून दोर टाकायचे, अगाडी-पिछाडी आवळायची, आणि ते थकून मान टाकीपर्यंत झोंबायचे. घोडा 'मोडला' म्हणजे शिकला! घोडा हे मुळात पळून जीव वाचविणारे जनावर. पळता येत नाही असे कळले की ते गप्प उभे राहते, आणि आपण त्या गप्प बसण्याला आज्ञाधारकपणा समजतो. वर्गात मीही अशी गप्प मुले पाहतो, पण तो विषय वेगळा.

याचा अर्थ पूर्वी कोणाला काही समजत नव्हते असा मात्र नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर एक पुस्तक लिहिले. तो सांगतो की शिंगराला भूक, तहान आणि माशांचा त्रास व्हावा तो माणूस जवळ नसताना. खाणे, पाणी आणि आराम मिळावा तो माणसाच्या हातून. मग ते माणसाची वाट पाहू लागेल. आपल्याकडेही शालिहोत्राच्या नावाची अश्वविद्या होतीच. घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणतात तो शब्द त्यातूनच आला. आणि घोड्याला लांब दोरीवर गोल फिरविणे, हा 'कावा' शब्दाचा एक जुना अर्थ आहे. गनिमी काव्याचे धडे आम्ही मराठीवाले रंगवून शिकवतो, पण तो घोडा मुळात माणसाजवळ उभा राहायला कसा शिकला, याची चौकशी करीत नाही.

ती चौकशी करायची वेळ माझ्यावर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आली. टांगा केव्हाच बंद झाला आहे. चाचांचा नातू आता फक्त वरातीची घोडी सांभाळतो. चाचा ऐंशीच्या पुढे गेलेले, ओसरीवर बसून सूचना देतात. आम्ही सोनपेठला पोचलो त्याच रात्री घोडी व्याली. घोड्या बहुधा रात्रीच वितात, सारे निजानीज झाल्यावर. माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला उठवून नेले. (सौभाग्यवतींना हे मुळीच पसंत पडले नाही, पण त्याही शाल घेऊन मागोमाग आल्याच.)

अकरा महिने पोटात राहून आलेले ते पिल्लू तासाभरात धडपडत उभे राहिले. तीनदा पडले, चौथ्यांदा उभे राहिले, मग भिंतीला, मग नातवाच्या गुडघ्याला तोंड लावीत शेवटी आईच्या कासेपाशी पोचले. तिथेच सारे लक्ष ठेवायचे असते. शिंगराला आईच्या पोटात रोगप्रतिकाराची शक्ती मिळत नाही. ती मिळते पहिल्या चिकातून, आणि पहिल्या काही तासांतच. नाळेला नातवाने जंतुनाशक लावले. घोडीची वार पडते की नाही हे पाहत तो बसून राहिला. तीन तासांत पडली नाही तर डॉक्टरला बोलवायचे.

मुलीने पुढे होऊन हात लांब केला. चाचा ओसरीवरून म्हणाले, "थांब बेटी. लेकराला हात लावायचा तर आधी माईची गाठ घ्यावी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तिच्या हातात मऊ ब्रश दिला आणि तिला घोडीपाशी उभे केले. शिंगराकडे पाहायचेसुद्धा नाही! मानेवरून, खांद्यावरून, पाठीवरून सावकाश हात फिरवायचा, बस. नातू शेजारी घोडीची दोरी धरून. पहिल्या दिवशी शिंगरू आईच्या पलीकडे दडले. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटाखालून डोकावू लागले. पाचव्या दिवशी मागून येऊन त्याने मुलीच्या फ्रॉकची ओढणी हुंगली. ती श्वास रोखून उभी. चाचा हसले, तेही आवाज न करता.

सुट्टी संपवून परत आल्यावर मी ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा थक्क झालो. अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी 1991 साली पुस्तक लिहून सांगितले की शिंगरू जन्मताच त्याला धरावे, कान, तोंड, खूर सगळे चोळावे, म्हणजे ते जन्मभर माणसाळते. ही पद्धत जगभर गाजली. पुढे फ्रान्समधल्या सेव्हरीन आंरी आणि मार्टिन होसबर्गर प्रभृती संशोधकांनी ती तपासली. जन्मल्यावर तासभर माणसांनी हाताळलेली शिंगरे पुढे आईला जास्त चिकटून राहिली, खेळली कमी, आणि सहा महिन्यांची झाली तरी बुजरीच, असे त्यांना 2009 साली आढळले. आई नि पिल्लू यांची ओळख व्हायच्या घटकेलाच आपण मध्ये घुसलेलो असतो ना! उलट 2005 सालच्या त्यांच्याच प्रयोगात पहिले पाच दिवस, रोज पंधरा मिनिटे, फक्त आईला ब्रश केला. शिंगराला कोणी शिवलेही नाही. ती शिंगरे माणसापाशी लवकर आली, आणि वर्षानंतरही तशीच राहिली. पाच दिवस! मी चाचांना फोन करून हे सांगितले. ते म्हणाले, "बरं झालं सर, तिकडंबी कळलं."

त्यानंतर वर्षभर नातवाकडून बातमी येत राहिली. पंधरवड्याने गळ्यात हलकी दोरी, तीही ओढायची नाही. आई पुढे चालली की ते मागून चालतेच, दोरी नुसती सोबत. दोरी ताणली की नातू थांबे, शिंगरू एक पाऊल पुढे आले की लगेच सैल सोडी. पुढे रोज चारही पायांवरून हात फिरविणे, मग खूर क्षणभर उचलून खाली ठेवणे, म्हणजे पुढे नालबंदाशी कुस्ती नको. सहाव्या महिन्यात दूध तोडले, तेही एकदम दूर न नेता. हलगीचा आवाज आधी दोन गल्ल्या पलीकडून, मग एक गल्ली. वरातीच्या जनावराला ताशे, फटाके आणि आजकालच्या त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांमध्ये उभे राहायचे असते. ते बुजले तर पाठीवर नवरदेव असतो आणि पुढे नाचणारी पोरे असतात. खोगीर मात्र इतक्यात नाही. गुडघ्याजवळची हाडे पक्की व्हायलाच दोन-अडीच वर्षे जातात, पाठीच्या कण्याला त्याहून जास्त. गिऱ्हाईक घाई करते, आणि पैशाची ओढ नातवालाही आहे. हा प्रश्न त्या घरात अजून मिटलेला नाही.

चावले, अंगावर आले तर? मी विचारले होते. नातू सांगतो की मारायचे नाही, पण हसायचेही नाही; त्याला मागे सरकवायचे आणि ते सरकेपर्यंत लाड बंद.

या दिवाळीत पुन्हा गेलो. शिंगरू वर्षाचे झालेले, काळेभोर, आयाळ अजून झाडूसारखी उभी. लांब कुठे तरी फटाका वाजला. त्याने कान टवकारले, नातवाकडे पाहिले, आणि पुन्हा कडब्यात तोंड घातले. मुलीने 'पाय' म्हणताच पुढचा उजवा खूर तिच्या हातात दिला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, याला गूळ देऊ?"

मी काही बोलण्याआधीच चाचांनी ओसरीवरून काठीने बादली दाखविली. "त्यात टाक बेटी. हातातून नको. तुझ्या बाबाला इचार कामून ते."

मी तिला तिथेच, दावणीच्या कडेला बसून, सगळे सांगितले. तिने बादलीत गूळ टाकला आणि विचारले, "मग त्या मुलाचा हात बरा झाला?"

झाला. थोडा वाकडा राहिला. तो आता गावातच दुकान चालवतो. दरवर्षी दिवाळीला मी त्याच्याकडून फराळाचे सामान घेतो, आणि गूळ तो नेहमी दुसऱ्याच हाताने तोलतो.