गोठ्यापर्यंत आलेलं संप्रेरक

सोमेश्वरनगरच्या उसाच्या पट्ट्यात दुधावरही घरं चालतात. म्हणूनच संकरित गाय मुका माज करू लागली किंवा भरवूनही उलटू लागली की घरात काळजी पसरते. अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा ब्युसेरेलिनचं इंजेक्शन देतात. मात्रा जेमतेम 10 मायक्रोग्रॅम.

ब्युसेरेलिन हे जीएनआरएच या संप्रेरकाचं प्रयोगशाळेत घडवलेलं भावंड. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून निघणारे असे संदेश वेगळे काढण्यासाठी रॉजर गिलमँ यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे मेंदू लाखांनी तपासले. 1969 मध्ये टीआरएचची रचना उलगडली, 1971 मध्ये जीएनआरएचची. 1977 चं नोबेल दोघांना रोझलिन यालो यांच्यासोबत मिळालं.

टीआरएचमध्ये फक्त तीन अमिनो आम्लं. ते पियुषिकेला थायरॉइड जागं करायला सांगतं. थायरॉइडच्या तपासणीत त्याचा मोठा उपयोग होता, पण पियुषिका थायरॉइडसाठी सोडते ते टीएसएच रक्तात अचूक मोजता येऊ लागलं आणि ती चाचणी मागे पडली.

पियुषिकेमार्फत अंडाशय आणि वृषण जागवणाऱ्या, दहा अमिनो आम्लांच्या जीएनआरएचचं नशीब वेगळं. माणसात आणि गाईत ते एकच आहे. त्याची खरी ताकद मात्रेपेक्षा लयीत आहे. अर्न्स्ट नोबिल यांनी 1978 मध्ये माकडांवर दाखवलं, की ते तासातासाला थोडंथोडं दिलं तर पियुषिका काम करते, अखंड देत राहिलं तर गप्प बसते. प्रोस्टेटच्या कर्करोगात ल्युप्रोलाइड हेच गप्प करणं वापरतं. पुरुष संप्रेरक उतरतं, गाठीची वाढ रोखली जाते. विचार करावा तितका हा शोध मला मोठा वाटतो.

गोठ्यात मात्र दर वेळी एकच झटका हवा असतो. 1995 मध्ये मांडलेल्या ओव्हसिंक पद्धतीत पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच. त्यानंतर 16 ते 20 तासांनी रेतन. माज ओळखत बसायची गरज उरत नाही, रेतनाची वेळ आधीच ठरलेली असते.

पण व्यायल्यानंतर खंगलेल्या, खाण्यापेक्षा जास्त दूध देणाऱ्या गाईचं अंडाशयच थंड असेल, तर हे वेळापत्रक फारसं चालत नाही. आधी वैरण, खुराक आणि खनिज मिश्रण सुधारावं लागतं. आणि सुरुवातीलाच गाय गाभण नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावंच. गाभण गाईला प्रोस्टाग्लँडिन दिलं तर गर्भ पडू शकतो.