विश्लेषण : गडचिरोलीच्या जंगलात चिलखती गाडी जवानाला कितपत वाचवते?

महाराष्ट्र दिनी, १ मे २०१९ रोजी, गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभूळखेडा गावाजवळ माओवाद्यांनी भूसुरुंगाचा स्फोट घडवला. जलद प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस आणि गाडीचा चालक असे १६ जण मृत्युमुखी पडले. हे पथक साध्या खासगी गाडीतून निघाले होते. मृतांत बीड, हिंगोली, बुलढाणा जिल्ह्यांतले जवानही होते. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. हे जवान चिलखती गाडीत असते तर वाचले असते का?

जालनेकरांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ३ चे मुख्यालय जालन्यात आहे आणि राज्यभरातून या बलाच्या तुकड्या आळीपाळीने गडचिरोलीत बंदोबस्ताला जातात. त्यामुळे चिलखती गाडी काय करू शकते आणि काय नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

जांभूळखेड्यात काय घडले होते?

आदल्या रात्री दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची अनेक वाहने जाळण्यात आली होती. पथक तिकडेच निघाले होते. जाळपोळ झाली की पोलीस जाणार आणि ते कोणत्या रस्त्याने जाणार, हे ओळखणे अवघड नव्हते. जिल्ह्यात त्याआधीही असे हल्ले झाले होते. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्तोलाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस उडवण्यात आली, त्यात १२ जवान गेले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात सी-६० पथकाचे सात जवान असेच मारले गेले. तिन्ही वेळा जवान साध्या वाहनात होते.

सुरुंगरोधक गाडी काम कशी करते?

साध्या जीपचा किंवा टेम्पोचा तळ सपाट आणि जमिनीजवळ असतो. खाली स्फोट झाला की सगळा दाब थेट तळावर आदळतो. सुरुंगरोधक गाडीचा तळ होडीसारखा, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा असतो. त्यामुळे दाब दोन्ही बाजूंना फेकला जातो. गाडी उंचही ठेवलेली असते, कारण स्फोटापासूनचे अंतर वाढले की दाब झपाट्याने घटतो. आतल्या जागा अनेकदा छताला किंवा भिंतीला टांगलेल्या असतात. गाडी वर फेकली गेली तरी तो धक्का थेट मणक्याला बसू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच पट्टा न बांधता बसलेल्या जवानाला चिलखताचा अर्धाच उपयोग होतो.

पोलाद म्हटले की जालनेकरांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसीतल्या सळया येतात. चिलखती पत्रा मात्र वेगळा असतो. तो गोळी अडवण्याइतका कठीण हवा आणि धक्क्याने तडकणार नाही इतका चिवटही हवा. त्यासाठी मिश्रधातू वेगळा लागतो आणि उष्णताप्रक्रियाही वेगळी.

मग मर्यादा कुठे येते?

नाटो देशांच्या मानकानुसार सुरुंगरोधक संरक्षणाची चौथी पातळी म्हणजे चाकाखाली किंवा पोटाखाली १० किलो टीएनटीचा स्फोट सहन करण्याची क्षमता. जंगलातला सुरुंग मात्र या मोजमापाने पेरलेला नसतो. छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्यात कुटरूजवळ ६ जानेवारी २०२५ रोजी आठ जवान आणि चालक मारले गेले. त्या स्फोटात ६० ते ७० किलो स्फोटके असल्याचे पोलिसांनी सांगितले होते. ती गाडी साधी होती. पण चिलखती गाड्याही उडवल्या गेल्या आहेत. सप्टेंबर २००५ मध्ये छत्तीसगडमध्येच पडेडाजवळ सुरुंगरोधक गाडीतले २४ जवान गेले, तर १३ मार्च २०१८ रोजी सुकमातील किस्टारामजवळ अशाच गाडीतले नऊ.

हे गणित हल्लेखोराच्या बाजूचे आहे. सुरुंगात आणखी २० किलो स्फोटके भरायला फारसा खर्च येत नाही. तेवढाच मारा सोसण्यासाठी गाडीचे वजन मात्र टनांनी वाढवावे लागते. वजनदार गाडी पावसाळ्यात चिखलात रुतते, जुन्या मोऱ्या-पुलांवरून जाऊ शकत नाही आणि मोजक्याच पक्क्या रस्त्यांवर अडकून पडते. मग तिची वाट आधीच ओळखता येते.

‘हलकी’ चिलखती गाडी कशासाठी?

लष्कराने मार्च २०२१ मध्ये महिंद्रा डिफेन्सला १,३०० हलक्या विशेष वाहनांची, १,०५६ कोटी रुपयांची ऑर्डर दिली. या वाहनांचे चिलखत मुख्यतः छोट्या शस्त्रांच्या गोळ्यांपासून संरक्षण देण्यासाठी आहे. मोठ्या सुरुंगासाठी ते नाही. पुण्याच्या भारत फोर्जची ‘कल्याणी एम-४’ ही गाडी जड गटातली, सुमारे १६ टनांची आहे.

मग हलक्या गाडीचा जंगलात फायदा काय? सुरुंगस्फोटानंतर अनेकदा लगेच झाडीतून गोळीबार सुरू होतो. स्फोट लहान असेल किंवा मागच्या गाडीखाली झाला असेल, तर चिलखतामुळे आतल्यांना आडोसा घेऊन प्रत्युत्तर देण्याइतका वेळ मिळतो. जखमींना बाहेर काढणे, ठाण्यावर दारूगोळा आणि रसद पोहोचवणे ही कामेही गोळीबारात साध्या गाडीने होत नाहीत.

लढाई तर पायीच चालते ना?

हो. १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकाची ताकद स्थानिक भाषा, जंगलाची ओळख आणि पायी चालणे हीच आहे. एप्रिल २०१८ मधील कसनासूर आणि नोव्हेंबर २०२१ मधील मर्दिनटोला येथील मोठ्या कारवाया जवानांनी जंगलात पायी शिरूनच केल्या. गाडी रस्त्याला बांधलेली असते, पायी जवान नाही. म्हणून नियम असा की आधी रस्ता तपासणारे पथक पायी पुढे जाते, मोऱ्या आणि कडेची माती पाहते, मगच वाहने निघतात. जायची आणि परतायची वाट एकच ठेवायची नाही, हाही त्यातलाच भाग.

जिथे चारचाकी पोहोचत नाही तिथे दुचाकी कामी येते. केंद्रीय राखीव पोलीस दलाने जानेवारी २०२१ मध्ये डीआरडीओच्या मदतीने ‘रक्षिता’ ही दुचाकी रुग्णवाहिका आणली, ती याच गरजेतून.

मग जांभूळखेड्यात चिलखती गाडी असती तर?

काही जीव वाचण्याची शक्यता नक्कीच वाढली असती. साध्या गाडीत ती जवळपास नव्हतीच. पण सर्व १६ जण वाचले असते, असे म्हणता येत नाही. रस्ता न तपासता वाहनाने जाणे हीच मोठी जोखीम होती आणि ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, अशी टीका तेव्हाही झाली होती. चिलखत ही शेवटची ढाल आहे. तिच्या भरवशावर पहिली खबरदारी सोडली, तर तीच गाडी सापळा ठरते.

आता याची गरज उरली आहे का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. १ जानेवारी २०२५ पासून अहेरी ते गर्देवाडा एसटी धावू लागली आहे. चित्र बदलते आहे. पण जमिनीत पुरलेला सुरुंग आत्मसमर्पण करत नाही. तो शोधून निकामी होईपर्यंत तिथेच राहतो आणि आता त्याच रस्त्यांवरून शाळकरी मुले, दुचाकीस्वार आणि एसटीचे प्रवासी जाणार आहेत. त्यामुळे रस्ते तपासण्याचे आणि सुरुंग काढण्याचे काम हल्ले थांबल्यावरही चालू ठेवावे लागेल. ते करणाऱ्या जवानाला चिलखती गाडी हवीच, आणि तिच्यापुढे पायी चालणारे पथकही हवे.