पिंपावरचं लेबल आणि फरमेंटरमधला फेस

साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोल तयार होतं, तेव्हा यीस्ट सुमारे सव्वाचारशे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. एवढा वायू मोलॅसिसच्या दाट द्रावणातून बुडबुड्यांनी वर येतो. शुद्ध पाण्यातला बुडबुडा लगेच फुटतो. पण मोलॅसिसमधली प्रथिनं, डिंकासारखे पदार्थ आणि मेलेल्या यीस्टचे अवशेष बुडबुड्याच्या पडद्याला धरून ठेवतात, आणि फेस चढत जातो. तो उतू गेला की साखर, यीस्ट आणि अल्कोहोल गटारात जातं, वायूच्या पाइपात फेस शिरतो, पातळी दाखवणारी यंत्रं भलतेच आकडे दाखवू लागतात. म्हणून फेसनाशक वापरावं लागतं. कारखान्यात कुणी त्याला डीफोमर म्हणतं, कुणी अँटिफोम.

हल्ली या पिंपांवर ‘सॉल्व्हंट-फ्री’ असं ठळक छापलेलं असतं. ते वाचून खरेदी विभाग निश्चिंत होतो आणि पाळीवरच्या ऑपरेटरला शंका येते, की याचा जोर कमी तर नसेल? माझ्या मते दोघंही चुकतात. चोवीस तास, महिनोन् महिने चालणाऱ्या कंटिन्युअस फरमेंटेशनमध्ये या चुकीची किंमत मोठी असते.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. सॉल्व्हंट म्हणजे इथे केरोसीन किंवा नॅफ्थासारखा उडून जाणारा द्रावक. फेस मोडणारा खरा घटक त्यात पातळ करून दिलेला असतो. तो द्रावक नसला की माल सॉल्व्हंट-फ्री झाला, एवढंच. त्यात पाणी असू शकतं. सिलिकॉनची इमल्शनं पाण्यातच असतात आणि त्यांत खरा घटक बऱ्याचदा दहा ते तीस टक्केच असतो. त्यात खनिज तेलही असू शकतं. रंगांसाठीच्या २००४ च्या युरोपीय नियमानुसार २५० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उकळणारा सेंद्रिय पदार्थ बाष्पशील धरला जातो, आणि जड खनिज तेलं त्या रेषेच्या पलीकडे राहतात. तेव्हा सॉल्व्हंट-फ्री म्हणजे तेलमुक्त नव्हे, सिलिकॉनमुक्त नव्हे आणि खाद्य दर्जाचंही नव्हे. पिंपात काय नाही ते लेबल सांगतं. काय आहे ते विचारूनच घ्यावं लागतं, आणि भावाची तुलनाही किलोवर न करता खऱ्या घटकाच्या टक्क्यांवर करावी लागते.

सॉल्व्हंट-फ्री डीफोमर हे काही नवं परदेशी तंत्र आहे, हीसुद्धा समजूत बरोबर नाही. आपल्या डिस्टिलऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरलं जाणारं टर्की रेड ऑइल, म्हणजे टीआरओ, हे एरंडेलावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून बनतं. ते पाण्यात पसरतं, त्याला केरोसीन लागत नाही. त्याच्याही आधी गुऱ्हाळात रसाचा फेस काहिलीच्या काठाला आला की गुळव्या थोडं तेल टाकतो आणि फेस बसतो. तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की काहील उतरते, गूळ वाफ्यात ओतला जातो आणि ते तेल त्याच गुळाबरोबर जातं. पुढची काहील कोरी. कंटिन्युअस प्रक्रियेत कोरी काहील कधीच येत नाही. तासाला जे थेंबथेंब सोडलं, ते सगळं पुढे कुठेतरी पोचत असतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याविषयी, कारण ‘द्रावक म्हणजे नुसता वाहक, तो काही करत नाही’ हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे. केरोसीनसारखा द्रावक वॉशबरोबर, म्हणजे आंबलेल्या द्रावणाबरोबर, ऊर्ध्वपातनाच्या गरम कॉलममध्ये गेला की त्यातला हलका भाग वाफेत शिरतो आणि अल्कोहोलच्या वाटेला लागतो. एका बॅचमध्ये तो नगण्य वाटेल. पण रोज, प्रत्येक तासाला येणाऱ्या वाहकाला नगण्य म्हणता येत नाही. वाहकामुळे केवढं नुकसान होऊ शकतं हे कागद उद्योगानं पाहिलं आहे. १९८० च्या दशकात लगदा धुताना वापरल्या जाणाऱ्या काही तेलयुक्त डीफोमरमध्ये डायबेन्झोफ्युरान आणि डायबेन्झोडायॉक्सिन यांचे अंश असल्याचं लक्षात आलं. पुढच्या टप्प्यात क्लोरीननं लगदा पांढरा करताना त्यांतूनच विषारी क्लोरीनयुक्त फ्युरान आणि डायॉक्सिन तयार होत होती. अमेरिकेतल्या गिरण्यांनी मग ही द्रव्यं नसलेल्या तेलाचे डीफोमर घेतले. डीफोमर टाकला होता लगदा धुण्याच्या टाकीत आणि त्याचे परिणाम दिसले ब्लीचिंगमध्ये.

आगीचा मुद्दाही याच पिंपाचा आहे. भारतीय मानकानुसार केरोसीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो अंक, किमान ३५ अंश असावा लागतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा याच्या वर असतो, आणि शेजारी अल्कोहोलच्या टाक्या असतात. द्रावक नसलेल्या मालाचा धोका इथे खरोखरच पुष्कळ कमी होतो. वनस्पती तेलही पेटतं, पण त्यासाठी त्याला बरंच तापवावं लागतं.

आता ऑपरेटरच्या शंकेकडे येऊ. द्रावक काढला की जोर जातो का? बुडबुड्याचा पडदा द्रावक मोडत नाही. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, सिलिकॉन तेलाचा जेमतेम २१. तेलाचा सूक्ष्म थेंब पडद्यात घुसतो, दोन्ही बाजूंना टेकतो, पडदा त्याच्यावरून निसटतो आणि फाटतो. थेंबाला आत घुसायला पाणी न धरणाऱ्या सिलिकेचे बारीक कण मदत करतात. चांगल्या सिलिकॉन डीफोमरमध्ये ते मुद्दाम घातलेले असतात. द्रावकाचं काम एवढंच, की घट्ट माल पातळ करायचा आणि सगळीकडे पोचवायचा. द्रावक गेला तरी ते काम उरतंच. शंभर टक्के घटकाचा घट्ट सिलिकॉन थेट फरमेंटरमध्ये ओतला तर त्याचे गोळे तरंगतात, काही भिंतीला चिकटतात, आणि मग ‘हा माल चालत नाही’ असा शेरा वहीत पडतो. माल चांगलाच असतो, तो नीट पसरवलेला नसतो. इमल्शन घेतलं तर उलटी काळजी: साध्या पाण्यात पातळ करून दोन दिवस ठेवलं की ते फाटतं, वर साय येते, उन्हाळ्यात त्यात जंतूही वाढतात. पॉलिइथर प्रकारच्या मालाचा क्लाउड पॉइंट पाहावा लागतो. त्या तापमानाखाली तो पाण्यात विरघळून बसतो आणि फेस मोडत नाही. फरमेंटर ३२ अंशांवर चालत असेल आणि क्लाउड पॉइंट ४५ असेल, तर कितीही ओता.

द्रावक खरोखर उपयोगी पडतो अशा जागाही आहेत, हे मान्य करायला हवं. तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या डिलेड कोकरमध्ये मधाहूनही घट्ट सिलिकॉन लागतो आणि तो हायड्रोकार्बनमध्ये पातळ करून सोडणंच सोयीचं पडतं. तिथली खरी डोकेदुखी सिलिकॉनचीच असते: प्रचंड उष्णतेत तो तुटतो, त्याचे तुकडे नॅफ्थात जातात आणि पुढच्या उत्प्रेरकाला निकामी करतात.

म्हणून ‘सॉल्व्हंट-फ्री म्हणजे निर्धोक’ हेही खरं नाही. न उडणारा घटक कॉलमच्या तळाशी स्पेंट वॉशमध्ये राहतो. बायोस्टिलसारख्या पद्धतीत कॉलममधून अल्कोहोल काढून घेतलेल्या वॉशचा मोठा भाग परत फरमेंटरमध्ये येतो, म्हणजे डीफोमरही परत येतो. पुढे सांडपाण्याच्या हवा देण्याच्या टाकीत हेच तेल बारीक बुडबुड्यांना एकत्र करून मोठं करतं. मोठ्या बुडबुड्यातून पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आरओच्या पडद्यांवर सिलिकॉनचा थर बसला तर तो धुऊन निघणं कठीण. सिलिकॉनमध्ये उरलेली डी४, डी५, डी६ ही चक्रीय सिलोक्सेनं युरोपीय संघानं २०१८ मध्ये अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत घातली. माल घेताना त्यांचं प्रमाण पुरवठादाराकडून लेखी घ्यावं.

आणि डोस. कंटिन्युअस प्रक्रियेतली बहुतेक नासाडी इथे होते, आणि तीही चुकीच्या मालामुळे नव्हे, घड्याळ न पाहिल्यामुळे होते. ५०० घनमीटरचा फरमेंटर धरा, त्यात तासाला २५ घनमीटर वॉश येतो आणि तेवढाच जातो. म्हणजे द्रव सरासरी २० तास आत राहतो; हाच त्याचा निवासकाळ. डोसिंग पंप आज सकाळी सुरू केला, तर सगळं नीट मिसळतं असं धरूनही, आठ तासांची पाळी संपते तेव्हा ठरवलेल्या पातळीच्या ३३ टक्केच डीफोमर आत असतो. २० तासांनी ६३, आणि ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला ६० तास लागतात. पहिल्या पाळीला फेस दिसतो, पंप वाढवला जातो. दुसऱ्या पाळीलाही तेच, तिसऱ्यालाही.

हे मी स्वतः केलं आहे. तीन पाळ्यांनी मिळून डोस तिप्पट केला. चौथ्या दिवशी फेस नव्हता, पण यीस्ट वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या ताटल्यांवर चिकट थर बसला होता आणि यंत्र उघडून धुवावं लागलं. त्याला माल जबाबदार नव्हता. सुरुवातीलाच एकदम भरणा करायला हवा होता: घनमीटरमागे १० ग्रॅम हवे असतील तर ५ किलो एकदम, आणि मग तासाला २५० ग्रॅम, धीर धरून. उलट दिशेनंही हाच हिशेब लागू पडतो. नुसती एक बादली ओतून पंप बंद ठेवला तर २० तासांत ३७ टक्के उरतं आणि ६० तासांत ५ टक्के. म्हणून बादलीचा उपाय दर दोन-तीन दिवसांनी ‘पुन्हा फसतो’.

थेंब म्हाताराही होतो. सोफिया विद्यापीठातल्या निकोलाय डेंकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास दाखवलं, की फेस सारखा मोडत राहिल्यावर सिलिकॉनमधले तेल आणि सिलिका वेगळे होतात. काही थेंबांत नुसतं तेल उरतं, काहींत सिलिकाच जास्त साठते, आणि दोन्ही निकामी होतात. ताजं तेल थोडं घातलं की साठलेली सिलिका पुन्हा कामाला लागते. थोडा थोडा, पण सतत डोस देण्यामागचं हे एक भक्कम कारण आहे. एका मिनिटात फेस बसला एवढी चाचणी पाहून माल निवडणं त्यामुळेच अपुरं पडतं.

चाचणी घ्यायची तर एक लिटरचा उंच काचेचा सिलिंडर घ्या, आपल्याच फरमेंटरमधला वॉश घ्या, तापमान फरमेंटरएवढंच ठेवा आणि खालून हवा सोडत राहा. फेस किती सेकंदांत बसतो ते लिहाच, पण हवा चालू ठेवून तो पुन्हा किती मिनिटांनी चढतो तेही लिहा. मग प्लांटवर डोस बदलताना बदलाची वेळ वहीत टिपा, त्यापुढे फरमेंटरच्या तीन निवासकाळांची वेळ मोजून ठेवा, आणि पुढच्या पाळीला वही देताना सांगा, की तोपर्यंत पंपाला हात लावू नका.