गाजर गवत फुलण्याआधी

पाऊस पडला की भडगावात बांधावर, रस्त्याकडेला, पडीक जागेत गाजर गवत माजते. मूळचे अमेरिकेतले हे तण १९५५च्या सुमारास पुण्यात डोळ्यांत भरले आणि मग देशभर पसरले. फुलोरा आला की त्याच्या परागांनी शिंका, नाक गळणे, डोळ्यांना खाज, काहींना दमाही. एका झाडाला हजारो बिया, म्हणून फुलण्याआधीच, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. हातमोजे हवेतच, नाहीतर अंगावर पुरळ उठते. दरवर्षी त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून नाकातला स्टिरॉइड फवारा फुलोऱ्याच्या दोन आठवडे आधीच सुरू करावा. गुण यायला दिवस लागतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळीने झोप येऊ शकते, तेव्हा मोटारसायकल नको. धाप लागली, तर थेट दवाखाना.