छाटलेले अंक जातात कुठे?

सातबाऱ्यावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहितात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यामुळे आरमधील क्षेत्राला दोन दशांश स्थळे पुरतात. समजा, वसईतील एका वाडीचे क्षेत्र १० आर आहे आणि वारस सात. प्रत्येकाचा वाटा १.४२८५७१... आर. दोन स्थळांपुढचे अंक नुसते छाटले तर १.४२, आणि तिसरा अंक पाहून जवळची किंमत घेतली तर १.४३. पहिल्या रीतीने सात वाट्यांची बेरीज ९.९४ येते. ६ चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीएवढी जागा, कोणाच्याच नावावर नाही! दुसऱ्या रीतीने बेरीज १०.०१, नसलेली १ चौरस मीटर जागा वाटली गेली.

दोन्ही उत्तरे चुकतात, पण चुकांचा स्वभाव वेगळा. धन संख्या छाटली की ती कमीच होते. जवळची किंमत घेताना कधी थोडे वाढते, कधी घटते. आकडे वेगवेगळे असले तर बरीचशी चूक आपसांत फिटते. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून निर्देशांक सुरू केला. प्रत्येक फेरमोजणीत संगणक तीन स्थळांपुढचे अंक छाटत असे, आणि फेरमोजणी दिवसातून हजारो वेळा होई. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दिसत होता. नीट मोजल्यावर तो १०९८.८९२ निघाला.

छाटणे वाईटच असे मात्र नाही. ५०० केळ्यांचे डझन ४१.६७ भरतात, पूर्ण डझन ४१च. तेथे ४२ म्हणणारा गिऱ्हाइकाला फसवील.

पायथॉन या संगणकभाषेत 'इंट' अंक छाटते, 'राउंड' जवळची किंमत देते. आता ०.२९ आरचे चौरस मीटर करू. ०.२९ ला १०० ने गुणून 'इंट' लावले तर उत्तर येते २८! संगणक द्विमान पद्धतीत मोजतो. आपल्याला जसा १/३ दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा त्याला ०.२९ लिहिता येत नाही. गुणाकार २८.९९९९... असा येतो आणि 'इंट' शेपूट कापते. 'राउंड' लावल्यास २९ मिळतात. विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे. त्यांना आणखी एक नवल दिसेल: 'राउंड' २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४. नेमके अर्धे उरले की ही भाषा सम संख्येकडे जाते, म्हणजे दर वेळी वरच चढण्याचा दोष राहत नाही. शाळेतला '५ असल्यास वर' हा नियम तिला लागू नाही.

वाडीचा हिशेब राहिलाच. सहा वारसांना १.४३ आर द्यावेत आणि सातव्याचा वाटा वजाबाकीने काढावा: १० उणे ८.५८, म्हणजे १.४२. बेरीज चोख जमते. तो सातवा कोण, हे मात्र भावंडांनी आधी ठरवायचे.